पाहणारे आणि ठरवणारे : इंग्लंडच्या रुग्णालयांतील गव्हर्नरपदाचा इतिहास

इंग्लंडमधील रुग्णालयांच्या कारभारात 'गव्हर्नर' हे पद तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. मात्र त्या पदावर कोण बसतो, कोणाच्या बळावर बसतो आणि बसल्यावर त्याच्या हातात नेमके काय असते, या प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी पार बदलून गेली आहेत. आज हे पद म्हणजे 'एनएचएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील फाउंडेशन ट्रस्टच्या, म्हणजे कायद्याने बरीचशी स्वायत्तता दिलेल्या सार्वजनिक रुग्णालय-संस्थेच्या, गव्हर्नर-परिषदेचे बिनपगारी सदस्यत्व होय, आणि या परिषदेतील निम्म्याहून अधिक सदस्य परिसरातील सामान्य नागरिकांनी व रुग्णांनी गुप्त मतदानाने निवडलेले असतात. या पदाचा इतिहास सामान्यतः लोकशाहीच्या हळूहळू झालेल्या विस्ताराची कथा म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्याच इतिहासात एक दुसरा, अधिक महत्त्वाचा धागा आहे. रुग्णालयात शिरून तेथे काय चालले आहे ते पाहण्याचा हक्क आणि त्याविषयी निर्णय घेण्याचा हक्क हे दोन्ही एकाच हातात फार क्वचित आले, आणि जेव्हा आले तेव्हा तो हात रुग्णांचा किंवा त्यांच्या प्रतिनिधींचा नव्हता.

लंडनमधील सेंट बार्थोलोम्यूज हे 1123 मध्ये स्थापन झालेले रुग्णालय मठांच्या विसर्जनानंतर आठव्या हेन्रीने 1546 मध्ये नव्याने उभे केले, आणि अशा राजाश्रयी रुग्णालयांचा कारभार शहरातील प्रतिष्ठित गव्हर्नरांकडे आला. पदाला खरे सामाजिक वजन मिळाले ते मात्र अठराव्या शतकात, जेव्हा श्रीमंत आणि मध्यमवर्गीय लोकांच्या वर्गणीवर चालणारी 'व्हॉलंटरी', म्हणजे ऐच्छिक देणग्यांवर उभी असलेली, रुग्णालये एकामागून एक निघू लागली. 1719 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे अशा संस्थेची पायाभरणी झाली, 1733 मध्ये सेंट जॉर्जेस आणि 1740 मध्ये लंडन हॉस्पिटल सुरू झाले, तर 1736 मध्ये विंचेस्टर येथे राजधानीबाहेरचे पहिले असे रुग्णालय निघाले. वर्षाला ठराविक गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) देणारा, किंवा एकरकमी मोठी देणगी देणारा, आपोआप गव्हर्नर होई, आणि त्यासोबत त्याला सभेत मत देण्याचा व रुग्ण पाठवण्याचा हक्क मिळे.

हा रुग्ण पाठवण्याचा हक्क म्हणजे त्या व्यवस्थेचा गाभा होता. अपघातात सापडलेल्याला थेट दाखल करून घेतले जाई, परंतु इतर गरीब आजाऱ्याला दारात उभे राहण्यापूर्वी एखाद्या वर्गणीदाराची चिठ्ठी मिळवावी लागे. वर्गणी जितकी मोठी, तितक्या अधिक चिठ्ठ्या त्या वर्गणीदाराच्या हाती असत. साहजिकच आजाराच्या तीव्रतेइतकेच, कधी त्याहून अधिक, महत्त्व ओळखीला आले. मालकाने आपल्या नोकरासाठी, धर्मगुरूने आपल्या पॅरिशमधील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील, कुटुंबासाठी, कारखानदाराने आपल्या मजुरासाठी चिठ्ठी द्यायची, आणि बरे झालेल्याने त्या गव्हर्नराचे आभार मानण्यास जायचे, असा शिरस्ता अनेक ठिकाणी होता. ज्याच्या ओळखीत कोणीच वजनदार नव्हते, त्याचे काय, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. 1828 मध्ये विल्यम मार्सडेन या शल्यचिकित्सकाने कोणतीही चिठ्ठी न मागता रुग्णांना घेणारी संस्था लंडनमध्ये सुरू केली, तिचेच पुढे रॉयल फ्री हॉस्पिटल झाले, आणि त्या नावातील 'फ्री' हा शब्द खर्चापासूनच्या मुक्तीइतकाच वशिल्यापासूनच्या मुक्तीचाही होता.

या वर्गणीदार गव्हर्नरांवर टीका करताना त्यांच्या व्यवस्थेतील एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. अनेक रुग्णालयांत गव्हर्नरांपैकी काही जण आळीपाळीने 'हाउस व्हिजिटर', म्हणजे वॉर्डांत फिरून तपासणी करणारे, म्हणून नेमले जात. ते रुग्णांना अन्न कसे मिळते, परिचारिका नीट वागतात का, अंथरुणे स्वच्छ आहेत का हे प्रत्यक्ष विचारत आणि आपला अभिप्राय वहीत लिहीत. जो पाहत होता तोच आठवड्याच्या समितीत बसून ठरवतही होता. त्यामागे दयाबुद्धी होती, तशीच आपल्या पैशाचा हिशेब घेण्याची व्यापारी वृत्तीही होती, आणि रुग्णाला स्वतःला त्यात काडीचाही अधिकार नव्हता. तरी पाहणे आणि ठरवणे यांची ही जोडी नंतरच्या कोणत्याही व्यवस्थेला पुन्हा तितकी साधली नाही.

अर्थात जोडी साधली म्हणून कारभार स्वच्छ होता असे नाही. अनेक संस्थांत डॉक्टरांच्या नेमणुका गव्हर्नरांच्या मतदानाने होत, त्यामुळे उमेदवार डॉक्टर घरोघर जाऊन मते मागत. जेथे मतदान नव्हते तेथे परिस्थिती आणखी वाईट असू शके. 1721 मध्ये टॉमस गाय या पुस्तक-व्यापाऱ्याच्या संपत्तीतून स्थापन झालेल्या गाइज हॉस्पिटलमध्ये वर्गणीदार नव्हते, गव्हर्नरच नवे गव्हर्नर निवडत, आणि बेंजामिन हॅरिसन हा खजिनदार 1797 पासून सुमारे अर्धे शतक तेथील सर्वेसर्वा होता. 'लान्सेट' हे साप्ताहिक 1823 मध्ये काढणाऱ्या टॉमस वेकलीने लंडनच्या रुग्णालयांतील घराणेशाहीवर आसूड ओढले. 1828 मध्ये गाइजमधील एका शस्त्रक्रियेचे भीषण वर्णन छापून, तो शल्यचिकित्सक प्रसिद्ध सर्जन अॅस्टली कूपर यांचा पुतण्या आहे म्हणूनच तेथे आहे, असे त्याने सूचित केले. बदनामीचा खटला झाला, दोन हजार पौंडांच्या दाव्यावर ज्युरीने शंभर पौंड भरपाई दिली, आणि वेकलीच्या म्हणण्यात तथ्य आहे, असाच लोकांनी त्या अल्प रकमेचा अर्थ लावला.

रुग्णालयाशी संबंधित अधिकारपदावर मतदानाने माणूस बसवण्याची पद्धत व्यापक स्वरूपात आली ती या प्रतिष्ठित संस्थांत नव्हे, तर समाजाने सर्वांत हीन मानलेल्या जागी, म्हणजे वर्कहाउसमध्ये. 1834 च्या सुधारित गरीब कायद्याने पॅरिशांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी 'बोर्ड ऑफ गार्डियन्स' हे करदात्यांनी निवडलेले मंडळ नेमले आणि निराधारांना ठेवण्याची वर्कहाउसे त्याच्या हवाली केली. व्हॉलंटरी रुग्णालये असाध्य, संसर्गजन्य आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांना सहसा घेत नसत, त्यामुळे असे आजारी लोक अखेरीस वर्कहाउसच्या दवाखान्यात येऊन पडत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशातील रुग्णखाटांचा फार मोठा भाग या मंडळांच्या ताब्यात आला होता. निवडणूक होती, पण ती संपत्तीच्या मापाने होती: 1844 च्या दुरुस्तीनंतर एकच माणूस मालमत्तेचा मालक आणि भोगवटादार या दोन्ही नात्यांनी मिळून बारापर्यंत मते देऊ शके, तर मदत घेणाऱ्या गरिबाला एकही मत नव्हते. कर कमी ठेवण्यासाठी निवडून आलेल्या मंडळाने आजाऱ्यांवर खर्च करावा, ही अपेक्षा मुळातच परस्परविरोधी होती.

या विसंगतीचे परिणाम उघड झाले ते बाहेरच्यांनी आत जाऊन पाहिल्यामुळे. 1858 मध्ये लुईझा ट्वायनिंग यांनी वर्कहाउस व्हिजिटिंग सोसायटी स्थापन केली आणि अधिकार नसलेल्या स्त्रिया केवळ भेटीचा आग्रह धरून दारे उघडू लागल्या. 1864 च्या अखेरीस लंडनच्या होबर्न वर्कहाउसमधील अनास्थेमुळे टिमथी डेली या मजुराचा मृत्यू झाल्यानंतर 'लान्सेट'ने 1865 मध्ये राजधानीतील वर्कहाउस दवाखान्यांची तपासणी करण्यासाठी स्वतःचे डॉक्टर धाडले. त्यांच्या अहवालांतून वर्कहाउसमधील निराधारांतूनच घेतलेल्या अप्रशिक्षित परिचारिका, कोंदट खोल्या आणि एकाच अंथरुणात कोंबलेले रुग्ण यांचे चित्र उभे राहिले, आणि 1867 चा महानगर गरीब कायदा होऊन वेगळी रुग्णालये बांधणे भाग पडले. हे सारे निवडून आलेल्या मंडळांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालू होते, ही गोष्ट पुढच्या दीडशे वर्षांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतरचे वळण या इतिहासातील सर्वांत आशादायक म्हणावे लागेल. 1875 मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागातून मार्था मेरिंग्टन या गार्डियन म्हणून निवडून आल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत, आणि संसदेचे मत स्त्रियांना मिळण्यास अजून चार दशकांहून अधिक काळ होता. लुईझा ट्वायनिंगही 1884 मध्ये त्याच भागातून गार्डियन झाल्या, म्हणजे पाहुणी म्हणून दार ठोठावणारी स्त्री आता ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसली. 1894 च्या स्थानिक शासन कायद्याने मालमत्तेची अट आणि एकाहून अधिक मते देण्याची सोय रद्द केली, तेव्हा कामगार आणि स्त्रिया मोठ्या संख्येने मंडळांत आल्या, आणि अनेक ठिकाणी परिचारिकांचे प्रशिक्षण, मुलांची वेगळी व्यवस्था, वृद्धांच्या आहारातील सुधारणा अशा गोष्टी त्यांनी चिकाटीने रेटल्या. पाहणे, ठरवणे आणि मतदारांना उत्तर देणे ही तिन्ही सूत्रे काही काळ खरोखर जवळ आली होती. 1929 च्या कायद्याने ही मंडळे बरखास्त झाली आणि 1930 मध्ये त्यांची रुग्णालये परगणा व नगर परिषदांकडे गेली.

दरम्यान व्हॉलंटरी रुग्णालयांनाही श्रीमंतांच्या वर्गणीवर भागेनासे झाले होते. कामगारांच्या साप्ताहिक पगारातून काही पेनी कापून रुग्णालयाला देण्याच्या योजना औद्योगिक शहरांत पसरल्या, आणि पैसा कामगारांचा येऊ लागताच त्यांचे प्रतिनिधीही गव्हर्नर म्हणून आत आले. वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावातील वैद्यकीय साहाय्य संस्था ही याच स्वावलंबी परंपरेतली होती, आणि त्याच गावात जन्मलेले खाणकामगार अन्यूरिन बेवन पुढे आरोग्यमंत्री झाले.

बेवन यांनी घडवलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली आणि उपचार हा दया, वर्गणी किंवा चिठ्ठी यांच्यावर अवलंबून राहिला नाही. विसाव्या शतकातील राज्यकारभाराच्या थोर कर्तृत्वात तिची गणना करावी लागते. परंतु रुग्णालयांचे राष्ट्रीयीकरण करावे की ती नगर परिषदांकडेच ठेवावीत, यावर 1945 मध्ये मंत्रिमंडळातच तीव्र वाद झाला होता. लंडन काउंटी कौन्सिलचे नेतृत्व केलेले हर्बर्ट मॉरिसन स्थानिक लोकनियुक्त संस्थांच्या बाजूने होते, तर श्रीमंत आणि गरीब भागांत विषमता राहू नये यासाठी सर्व रुग्णालये एका राष्ट्रीय छत्राखाली आणावीत असा बेवन यांचा आग्रह होता, आणि तो मान्य झाला. परिणामी प्रादेशिक मंडळांवरील आणि स्थानिक व्यवस्थापन समित्यांवरील माणसे वरून नेमली जाऊ लागली. शिक्षण-रुग्णालयांना त्यांची स्वतंत्र 'बोर्ड ऑफ गव्हर्नर्स' राहिली, पण त्यांचे सदस्यही मंत्र्यानेच नेमलेले असत. सेवा सर्वांची झाली आणि मतपेटी मात्र संसदेपुरती उरली. विषमता दूर करण्यासाठी ही किंमत त्या काळी योग्य वाटली असेल, आणि कदाचित ती योग्यही होती. पण ती किंमत होती, हे मान्य केले पाहिजे.

ती किती मोठी होती हे 1967 मध्ये कळले, जेव्हा कार्डिफमधील ईली या दीर्घकालीन रुग्णालयातील मतिमंद रुग्णांच्या छळाची तक्रार तेथील एका कर्मचाऱ्याने वृत्तपत्राकडे नेली. जेफ्री हाउ यांच्या चौकशी समितीचा 1969 चा अहवाल आरोग्यमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या वर्तनाबरोबरच व्यवस्थापनाच्या देखरेखीतील ढिलाईही उघड झाली. अशा वातावरणात झालेल्या 1974 च्या पुनर्रचनेत कारभार आणि लोकप्रतिनिधित्व यांची फारकत पुरती झाली: कारभार आरोग्य प्राधिकरणांकडे राहिला आणि लोकांच्या वतीने बोलण्यासाठी इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक 'कम्युनिटी हेल्थ कौन्सिल' स्थापन झाल्या. त्यांचे निम्मे सदस्य स्थानिक परिषदांनी, एकतृतीयांश स्वयंसेवी संस्थांनी आणि उरलेले प्रादेशिक प्राधिकरणाने नेमलेले असत. त्यांना रुग्णालयांना भेट देण्याचा, माहिती मागण्याचा आणि एखादे रुग्णालय बंद करण्यास हरकत घेऊन प्रकरण थेट मंत्र्यापर्यंत नेण्याचा कायदेशीर हक्क होता. त्यांना डोळे होते, आवाज होता; हात नव्हते.

1991 पासून रुग्णालये कंपनीच्या धर्तीवरील संचालक मंडळे असलेल्या ट्रस्टांत बदलू लागली. दहा वर्षांनी आरोग्यमंत्री अॅलन मिलबर्न यांना स्पेनमधील माद्रिदजवळच्या आल्कोर्कोन येथील स्वायत्त सार्वजनिक रुग्णालयाचे आकर्षण वाटले, आणि सहकारी संस्थांच्या जुन्या ब्रिटिश परंपरेशी त्याची सांगड घालून फाउंडेशन ट्रस्टची कल्पना पुढे आली: रुग्णालयाला मंत्रालयाच्या दैनंदिन हुकुमांतून मोकळे करायचे, आणि त्याबदल्यात ते स्थानिक सदस्यांना उत्तरदायी करायचे. सत्ताधारी मजूर पक्षातच बंड झाले. माजी आरोग्यमंत्री फ्रँक डॉब्सन त्याच्या अग्रभागी होते, आणि यामुळे रुग्णालयांत स्पर्धा व विषमता वाढेल अशी त्यांची भीती होती. नोव्हेंबर 2003 मध्ये अवघ्या सतरा मतांच्या आधिक्याने कायदा वाचला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमधील कम्युनिटी हेल्थ कौन्सिल बंद झाल्या, आणि 1 एप्रिल 2004 रोजी मूरफील्ड्स, रॉयल मार्सडेन, होमर्टन, ब्रॅडफर्ड, स्टॉकपोर्ट यांच्यासह पहिले दहा फाउंडेशन ट्रस्ट अस्तित्वात आले. डोळे असलेली संस्था गेली आणि हात असलेली आली.

नव्या व्यवस्थेत कोणताही रहिवासी ट्रस्टचा विनामूल्य सदस्य होऊ शकतो, आणि सदस्यांतूनच गव्हर्नर निवडले जातात. त्यांची मुदत एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, मात्र पुन्हा उभे राहता येते. जनता आणि कर्मचारी असे वेगळे मतदारसंघ असतात, काही ट्रस्ट रुग्ण व त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ ठेवतात, आणि स्थानिक परिषदेने नेमलेला सदस्यही परिषदेत असतो. उमेदवाराने आपण एखाद्या राजकीय पक्षाचे सदस्य आहोत का आणि ट्रस्टमध्ये आपले काही आर्थिक हितसंबंध आहेत का हे जाहीर करावे लागते. या मतदानासाठी ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, ही बाब भारतीय वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी: मुंबई-पुण्याहून किंवा केरळहून तेथे गेलेला डॉक्टर वा परिचारिका भारतीय पासपोर्ट बाळगूनही कर्मचारी मतदारसंघातून मत देऊ शकते आणि निवडूनही येऊ शकते. या सेवेचा डोलारा परदेशातून आलेल्या हातांवर किती उभा आहे हे पाहता ही तरतूद अत्यंत न्याय्य आहे.

कागदावरचे अधिकार लहान नाहीत. अध्यक्षाची आणि बिगर-कार्यकारी संचालकांची, म्हणजे पूर्णवेळ नोकर नसलेल्या देखरेखदार संचालकांची, नेमणूक व त्यांचे मानधन गव्हर्नर ठरवतात. परिषदेच्या तीनचतुर्थांश मतांनी त्यांना काढताही येते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला त्यांची संमती लागते. लेखापरीक्षक तेच नेमतात. परंतु वॉर्डात शिरून तपासणी करण्याचा कोणताही कायदेशीर हक्क त्यांना मिळाला नाही. ते जे पाहतात ते ट्रस्टने आखून दिलेल्या फेरीत, आणि जे वाचतात ते बहुतांशी संचालक मंडळाने तयार केलेल्या कागदांत. ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याच हातून माहिती घ्यायची, हा या पदाचा जन्मजात दोष आहे.

तो दोष मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टमध्ये रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना भोगावा लागला. स्टॅफर्ड रुग्णालयातील उपेक्षेबद्दल मृत रुग्णांचे नातेवाईक 2007 पासून संघटित होऊन आवाज उठवत असतानाच फेब्रुवारी 2008 मध्ये त्या ट्रस्टला फाउंडेशनचा दर्जा मिळाला. मार्च 2009 मध्ये नियामक संस्थेचा अहवाल आला तेव्हा पाण्यासाठी तळमळणारे, घाणीत पडून राहिलेले रुग्ण जगासमोर आले. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या 2013 च्या सार्वजनिक चौकशी अहवालात 290 शिफारशी होत्या, आणि गव्हर्नरांना नीट प्रशिक्षण मिळावे, त्यांनी केवळ सदस्यांना नव्हे तर एकूण जनतेला उत्तरदायी असावे असा आग्रह त्यात होता. नवख्या, अर्धवट माहितीच्या परिषदेला दोष देणे सोपे आहे. ज्या नातेवाइकांनी प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्यापासून ती परिषद दूर राहील अशीच तिची रचना होती, हे अधिक खरे आहे.

2012 च्या कायद्याने 'बोर्ड' हे नाव बदलून 'कौन्सिल ऑफ गव्हर्नर्स' केले आणि बिगर-कार्यकारी संचालकांना एकेकटे व सामूहिकरीत्या जाब विचारणे हे गव्हर्नरांचे स्पष्ट कर्तव्य ठरवले. संचालक मंडळाच्या सभा खुल्या झाल्या, त्यांचे कार्यवृत्त गव्हर्नरांना देणे बंधनकारक झाले, एखाद्या संचालकाला परिषदेसमोर बोलावून उत्तरे मागता येऊ लागली, आणि विलीनीकरणासारख्या मोठ्या निर्णयांना निम्म्याहून अधिक गव्हर्नरांची संमती आवश्यक ठरली. वॉर्डात प्रवेश करून पाहणी करण्याचा हक्क मात्र 2013 मध्ये सुरू झालेल्या 'हेल्थवॉच' या वेगळ्या स्थानिक संस्थेला मिळाला. पाहणारे पुन्हा एकीकडे आणि ठरवणारे दुसरीकडे, ही 1974 ची वाटणी नव्या नावांनी कायम राहिली.

निवडणुकांची स्थितीही दुबळी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मतदारयादी ट्रस्टनेच सदस्य गोळा करून तयार करायची, अनेक जागांवर एकच अर्ज यायचा, आणि मतदान स्थानिक निवडणुकांहूनही कमी व्हायचे. अन्यत्रही असे प्रयोग टिकले नाहीत: स्कॉटलंडने 2010 मध्ये फाइफ आणि डम्फ्रीज-गॅलोवे या दोन भागांत आरोग्य मंडळांच्या निवडणुका घेऊन पुढे त्या सोडून दिल्या, न्यूझीलंडमध्ये 2001 पासून जिल्हा आरोग्य मंडळांवर सात सदस्य लोकांनी निवडलेले असत, ती मंडळे जुलै 2022 मध्ये रद्द झाली. तरीही इंग्लंडमधील हजारो निवृत्त शिक्षक, रुग्णांचे आप्त, परिचारिका, कारकून यांनी वीस वर्षे फुकट वेळ देऊन कंटाळवाण्या कागदांची चळत वाचली, पार्किंगच्या दरापासून शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीपर्यंत प्रश्न विचारले, आणि काही प्रसंगी अध्यक्षांना पायउतार होण्यास भाग पाडले. हे काम गौण मानणे कृतघ्नपणाचे आहे.

जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात फाउंडेशन ट्रस्टवरील गव्हर्नर ठेवण्याचे बंधन काढून टाकण्याचे सांगितले गेले, आणि त्याच महिन्यात हेल्थवॉच गुंडाळण्याचा निर्णयही पुढे आला. रुग्णांचे अनुभव आकडेवारीतून आणि सर्वेक्षणांतून अधिक चांगले कळतील, अशी त्यामागची भूमिका आहे. परंतु होबर्न, ईली आणि स्टॅफर्ड या तिन्ही ठिकाणी कमतरता आकड्यांची नव्हती. ज्याला पाहता येत होते त्याला ठरवता येत नव्हते, आणि ज्याला ठरवता येत होते तो पाहत नव्हता. निवडून आलेल्या गव्हर्नराला पाहणीचा हक्क देऊन पाहणे हा उपाय इंग्लंडने एकदाही करून बघितला नाही, आणि तो न करताच हे पद निरुपयोगी ठरवणे हा चुकीचा निवाडा आहे.